कौतुक नको, पण नाव तर लिहा

धरमपेठ, नागपूर

प्रिय मित्रा,

तुझा तो लांबलचक मेसेज रात्री वाचला. एवढं उत्तर फोनवर टाइप करायचं जिवावर आलं, म्हणून पत्रच लिहायला घेतलं.

"मी खरंच काही कामाचा नाही काय बे?" असं विचारतोस. कॉलेजात माझ्या अर्ध्या सबमिशन तूच काढून दिल्यास, तेव्हा माझं मत कोण धरणार? पण तुझ्या तक्रारी दोन आहेत आणि तू त्यांची खिचडी करून राहिलास.

पहिली, साहेब कधी चांगलं म्हणत नाही. तूच मागे सांगितलं होतंस ना, तुझ्या त्या जर्मनीत स्टुटगार्टकडचे लोक म्हणतात, रागावलो नाही म्हणजे कौतुक झालंच समजा! मग त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ नागपूरच्या हिशोबानं काऊन लावतोस?

दुसरी मात्र वेगळी. रात्री जागून चाचण्यांचे आकडे तू तपासले, ब्रॅकेटला तडा कुठून जातो ते तू शोधलं, आणि रिपोर्टवर नाव शेजारच्या टेबलवाल्याचं. वर तोच जर्मनमधून प्रेझेंटेशन देतो आणि तू मान डोलवत बसतोस. ही काही तिकडची रीत नव्हे, ही चोरी आहे. इथं बुटीबोरीच्या एमआयडीसीत माझ्याबाबतीतही हेच झालं. पण मी सुटी झाली की टपरीवर चार जणांसमोर त्या माणसाचा उद्धार करायचो, वर तर्री-पोहे हाणायचो, आणि घर येईस्तोवर अर्धा राग उतरलेला असायचा. तू तो अख्खा अपमान तिकडच्या लोकलमधून, एस-बानमधून, खोलीवर नेतोस आणि रात्रभर त्याच्यासोबत एकटाच बसतोस. मग लायकीवर शंका येणारच.

(यंदा मारबतीला इतवारीत गेलो होतो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापीडा हाकलायची ती आपली मिरवणूक. सगळे 'घेऊन जा गे मारबत' ओरडत होते, मी तुझ्या टेबलवाल्याच्या नावानं जरा जास्तच ओरडलो.)

आता कामाचं. नोकरी बदलली तर व्हिसा जाईल, हे तू मनात धरून बसलास. तुझ्या ब्लू कार्डावर, म्हणजे त्या नोकरीच्या परवान्यावर, पहिल्या 12 महिन्यांत बदललीस तर परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला कळवावं लागतं, ते 30 दिवस अडवून तपासू शकतात. पुढे ही भानगड नाही. कायम राहण्याचा परवाना 27 महिन्यांनी मिळू शकतो, जर्मन भाषेची बी-1 पातळी पास असशील तर 21 महिन्यांनीच. आणि तू जर्मनचा क्लास त्याच्या एक पायरी खाली, ए-2 वर सोडून दिलास! घोडं तिथंच पेंड खाते बे. मीटिंग जर्मनमध्ये वळली की तू गप्प, आणि गप्प माणसाचं काम उचलून न्यायला सोपं. रागावू नको, पण आहे ते आहे.

पुढचा रिपोर्ट जायच्या आत साहेबाला मेलवर सरळ विचार, यात माझं नाव कुठे येणार? तिथं स्पष्ट विचारल्याचा कोणी राग धरत नाही, असं तूच म्हणतोस. उत्तर गोलमाल आलं तर बायोडेटा काढ.

परवा तुझ्या घरी गेलो होतो. काकूंनी सांबारवडी केली होती. म्हणाल्या, "मजेत आहे म्हणतो, पण व्हिडिओवर नुसतं छत दाखवतो." मी वडीत तोंड घातलं. काका ट्रॅफिक पार्कात फिरायला जातात तिथे तुझा पगार रुपयांत करून सांगतात. एकट्या माणसाचा तिसरा हिस्सा तरी कर आणि विम्यातच जातो, हे त्यांना तूच समजाव, माझं पटत नाही. त्यांच्या त्या गुणाकारापायी तिथं कुढत राहू नको. तसंच एका टेबलवाल्यामुळे बॅग भरून निघूही नको.

डिसेंबरात येतोस तर दोहावरून थेट नागपूरचं तिकीट बघ, मुंबईत सामान ओढत बसू नको. अधिवेशन असलं की सिव्हिल लाइन्सकडचे रस्ते कधीही बंद करतात, तेव्हा विमानतळावर मला उशीर झाला तर तिथूनच शिव्या सुरू करू नको. आणि साहेबाला मेल टाकलास की मला पाठव.

तुझाच,
सबमिशनवाला