विकलेल्या यंत्रांच्या देखभालीचे काय?

महोदय,

प्रगत चिप बनवणाऱ्या यंत्रसामग्रीच्या चीनला होणाऱ्या निर्यातीवरील निर्बंधांची चर्चा बहुधा नव्या यंत्रांच्या विक्रीपाशीच थांबते. माझ्या मते अधिक महत्त्वाचा प्रश्न आधीच विकल्या गेलेल्या यंत्रांचा आहे.

प्रकाशाने चिपवर अतिसूक्ष्म नक्षी छापणारी सर्वांत प्रगत, म्हणजे ईयूव्ही लिथोग्राफी यंत्रे जगात एकटी एएसएमएल ही डच कंपनी बनवते आणि चीनला ती विकण्याची परवानगी तिला मिळालेली नाही. परंतु १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश वापरणारी, भिंग आणि वेफर (ज्यावर चिपा छापतात ती सिलिकॉनची चकती) यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर ठेवणारी, आधीच्या पिढीची डीयूव्ही इमर्शन यंत्रे चीनमध्ये पूर्वीपासून आहेत. चिपच्या एकाच थराची नक्षी अनेक टप्प्यांत विभागून आणि प्रत्येक टप्पा आधीच्या रेषांशी अचूक जुळवून घेत याच यंत्रांवर ७ नॅनोमीटर दर्जाची, म्हणजे प्रगत चिप काढता येते. ऑगस्ट २०२३ मध्ये आलेल्या हुआवेच्या मेट ६० प्रो या फोनमधील, एसएमआयसी या चिनी कंपनीने बनवलेल्या चिपने ते दाखवून दिले.

नेदरलँड्सने निर्बंधांचा इरादा मार्च २०२३ मध्ये जाहीर केला आणि नियम १ सप्टेंबरला लागू झाले. त्या वर्षी एएसएमएलच्या यंत्रविक्रीतील चीनचा वाटा पहिल्या तिमाहीत ८ टक्के होता, तो तिसऱ्या तिमाहीत ४६ टक्क्यांवर गेला. यात जुन्या, रखडलेल्या मागण्याही होत्या हे मान्य केले, तरी एवढी मुदत देणे मला अनाकलनीय वाटते.

अशी यंत्रे एकदा बसवली की आपोआप चालत राहत नाहीत. प्रकाशस्रोताचे भाग झिजतात, भिंगांची आणि वेफर सरकवणाऱ्या मंचाची जुळणी पुन्हा पुन्हा तपासावी लागते, आणि जुळणी किंचित जरी ढळली तरी अनेक टप्प्यांच्या छपाईत सदोष चिपांचे प्रमाण झपाट्याने वाढते. अमेरिकेने ७ ऑक्टोबर २०२२ च्या नियमांत आपल्या नागरिकांना चीनमधील प्रगत कारखान्यांना अशी मदत परवान्याविना करण्यास मनाई केली. परंतु डच किंवा जपानी अभियंत्यांना अमेरिकेचा हा नियम लागू होत नाही. त्यामुळे त्याच कारखान्यातील एका यंत्राची सेवा बंद पडते आणि शेजारच्या यंत्राची चालू राहते.

म्हणून अमेरिका, नेदरलँड्स आणि जपान या तिन्ही देशांनी सुटे भाग, सॉफ्टवेअर आणि देखभाल यांसाठी एकच नियम करून तो एकाच दिवशी लागू करावा. मात्र परवाना देताना यंत्राच्या वयापेक्षा त्या कारखान्यात काय बनते हे पाहावे, म्हणजे मोटारींसाठी आणि घरगुती उपकरणांसाठी साध्या चिपा बनवणारे कारखाने विनाकारण भरडले जाणार नाहीत.

आपला विश्वासू,
एक वाचक