मोठ्या आईची लुगडी आणि तुझा अंगठा

तीर्थरूप आई आणि नाना यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मोठ्या आईच्या लुगड्यांचं बोचकं मी दिवाळीत उचलून आणलं ते ठरवूनच. आई, तुझ्या नातीची, चिऊची गोधडी तूच शिवणार आहेस, त्यात काही बदल नाही. फक्त गोधडीवर लावायच्या कापडी पानं-कोयऱ्यांच्या कडा दुमडायचं काम मी तुझ्याकडून काढून घेतलंय. आधी विचारलं असतं तर “मना हात चांगला शेतस” म्हणून तू बोचक्याची गाठ अजून आवळली असतीस आणि नानांनी पेपरातून डोकं वर न काढता तुझीच री ओढली असती. म्हणून सगळे आकार कापून, शिवून, उलटवून झाल्यावरच पत्र लिहायला बसलेय.

रागावू नकोस गं. सुईच्या टोकाने कड आत सारायची, अंगठ्याने दाबून धरायची, एक टाका घालायचा, की पुन्हा तेच. एका कोयरीला किती वेळा अंगठा दाबावा लागतो, ते तुझ्याशेजारी बसून पाहिलंय मी. आणि सूज नेमकी त्याच अंगठ्याच्या बुडाशी आहे. लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडायला आम्ही दोघं भावंडं तुझ्याकडे यायचो, आता तू नानांना हाक मारतेस. डॉक्टरांनी चिमटीत धरायची कामं कमी करा म्हटलं तेव्हा तू मान हलवलीस आणि घरी येऊन सुई हातात घेतलीस. धावदोऱ्याला निदान सगळा हात चालतो. कडा दुमडताना सगळा भार एकट्या अंगठ्यावर.

कसं केलं ते सांगते, म्हणजे यंत्राचं काहीतरी घुसडलं असं तुला वाटणार नाही. शर्टाच्या कॉलरीत घालतात तशातला, पण अगदी पातळ, एका बाजूने चिकटणारा कॅनव्हास मिळतो. दुकानात पेपर फ्युजिंग म्हणतात. त्याच्या गुळगुळीत बाजूवर पेन्सिलीने पान काढलं. खरखरीत बाजूला गोंद असतो, ती लुगड्याच्या सुलट बाजूवर ठेवली आणि रेघेवरून मशीन फिरवली. टाका बारीक, १.५ मिलिमीटरचा, आणि सुई ११ नंबरची, म्हणजे जुन्या सुताला मोठी भोकं पडत नाहीत. मग पाव इंचाहून थोडी कमी शिलाई ठेवून कापलं. जिथे आकार आत वळतो तिथे दोऱ्यापर्यंत बारीक काप दिले, बाहेरच्या गोलाईवर छोटे त्रिकोण काढले. कोयरीच्या शेंड्यावर एकदम न वळता एक टाका आडवा घेतला की टोक सुबक निघतं. हे मला कुणी सांगितलं नाही, उसवून उसवून कळलं. शेवटी कॅनव्हासला मधोमध चीर देऊन आकार उशीच्या अभ्र्यासारखा उलटवला. कड आपोआप आत. डावीकडे वाकलेली कोयरी डावीकडेच वाकलेली राहते, उलटं चित्र काढायची भानगड नाही.

चिरेतून आतला कॅनव्हास कापून काढलाय, फक्त कडेने पाव इंच ठेवलाय. तुझ्या सुईला मध्ये कडकपणा लागायचा नाही. गोधडी मऊच राहील, अंगाला टोचणार नाही.

फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनाची, १९३६ सालची ती खादीही कापली. हात थरथरला माझा. पण ती नुसती घडी उलगडली तरी दोरे सुटत होते, सुईने दुमडताना कड पार विस्कटली असती. आता सुटणारी कड सगळी आत बंद झालीय. तिचं केळीचं पान केलंय, सगळ्यांत मोठं. ते कुठे लावायचं ते तूच ठरव. सगळी मांडणीच तू ठरव. मी एकही आकार चिकटवलेला नाही.

तू गोधडी अंथरून शिवायला बसायचीस तेव्हा मी तिच्यावरच झोपायचे आणि तू मला न उठवता माझ्याभोवतीने टाके घालायचीस. त्या गोधडीत एका जागी धावदोरा वळसा घेतो, तो अजून आहे. चिऊला दाखवला. हॉस्टेलला जाताना तिला अगदी तशीच हवी आहे, तुझ्या हाताच्या टाक्यांची.

आता नीट ऐका दोघं. उलटवलेल्या आकाराचा गोंद बाहेरच्या बाजूला, म्हणजे खाली येतो. त्यामुळे तो टेबलावर ठेवून इस्त्री करायची नाही, तिथेच चिकटेल. आधी गोधडीच्या पायाच्या कापडावर मांडायचा, मग वर सुती रुमाल ठेवून इस्त्री दाबायची आणि उचलायची, घासायची नाही. हे काम नानांचं. नाना, नोकरीभर तुमच्या शर्टाची इस्त्री तुम्हीच केलीत, तुमच्याइतकं चांगलं कुणाला जमणार नाही. पण सकाळी आठच्या आत. तुमच्या अमळनेरच्या चैत्रातल्या दुपारी इस्त्रीजवळ उभं राहायचं नाही, आणि बीपीची गोळी आधी.

नुसत्या गोंदावर विसंबू नका, धुण्यात सुटेल. आईने कडेने लपती तुरपाई करायची. कड आधीच बसलेली असेल, त्यामुळे अंगठ्याने दाबायचं काम नाही. एका बैठकीत दोन आकार, जास्त नाही. दुपारच्या उजेडात खिडकीशी बस, ट्यूबलाइटखाली नाही. बोटात अंगुस्तान घाल, “मला सवय नाही” चालणार नाही. दुखलं तर तिथेच थांब आणि वहिनीला सांग. ती विचारते तेव्हा “काही नाही” म्हणू नकोस, तिलाही काळजी वाटते.

भाऊच्या हाती पिशवी पाठवतेय. खाली कॅनव्हासचे उरलेले तुकडे आहेत, ते गरम जागी ठेवू नका. आखाजीला, अक्षय्य तृतीयेला मी येतेच, येताना अस्तर आणते. मोठ्या आईच्या हिरव्या लुगड्याला मेंदी रंग शोभेल की मातकट, ते फोनवर सांगा. आणि नाना, रोज सकाळी पाच-सहा सुया ओवून ठेवत जा, तिला डोळे ताणू देऊ नका.

तुमची,
मनी