काकू, आधी झाड बघायला लावलंत

ती. काकू,
सा. न.

वाचनालयाच्या काउंटरवर आभार मानायला जावं तर मागे रांग असते आणि तुम्ही "बरं, पुढचं कोणतं देऊ?" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी मी तुमच्याकडे आलो तो तणतणतच. परसातल्या आंब्याची छपरावर आलेली फांदी एका माणसाने खोडालगत सपाट कापली होती आणि वर डांबर फासलं होतं. "आता पाणी शिरायचं नाही," म्हणाला, मलाही पटलं. पावसाळा सरला तेव्हा डांबराला भेगा पडल्या होत्या, आतून काळं पाणी झिरपत होतं आणि बोटाने दाबलं तर लाकूड चहात बुडवलेल्या खारीसारखं आत जात होतं. मला झाडांच्या औषधांचं पुस्तक हवं होतं. तुम्ही विचारलंत, "झाड रोज बघता का?" आणि हातात ठेवलंत दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र'.

खरं सांगतो, राग आला होता. वर तुमची अट, सगळं वाचायचं नाही, चालू महिन्याचा लेख तेवढा वाचायचा आणि झाडाखाली जाऊन बसायचं. फाल्गुन होता. बसलो. लहानपणापासून ज्या झाडाचे आंबे खाल्ले, त्याच्या कोवळ्या पानांचा रंग मला सांगता आला नसता, हे त्या दिवशी कळलं. मग डॉ. शरदिनी डहाणूकरांचं 'वृक्षगान' नेलं, ते बायकोनेच आधी संपवलं.

पण खरा उपकार तिसऱ्या पुस्तकाचा. ते वाचनालयाच्या नोंदीत नव्हतंच. तुम्ही स्वतःच्या पिशवीतून काढलंत, अ‍ॅलेक्स शिगोंचं 'अ न्यू ट्री बायॉलॉजी', 1986 सालचं. हा माणूस अमेरिकेच्या वनखात्यात झाडांच्या रोगांचा अभ्यासक. चेनसॉ घेऊन झाडं उभी चिरायची आणि कूज आत कुठवर गेली ते बघायचं, हे त्याने वर्षानुवर्षं केलं. त्याचं म्हणणं असं की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. कुजलेला भाग झाड आतल्या आत भिंती घालून कोंडून टाकतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. फांदीच्या बुडाशी जी फुगीर, सुरकुतलेली वळकटी असते, तिथे ही भिंत घालायची ताकद असते. आमच्या माणसाने नेमकी तीच उडवली होती. आणि डांबर कूज थांबवत नाही, उलट खाली ओल कोंडून राहते. माझं इंग्रजी यथातथाच. पण समासात तुमच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं, "कडं कापू नये." कडं म्हणजे तीच वळकटी. तेवढं पुरलं.

दुसरी वाळलेली फांदी मी स्वतः उतरवली. खोडापासून हातभर लांब खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप, म्हणजे फांदी पडताना साल सोलवटत खाली येत नाही. उरलेला खुंट शेवटी वळकटीच्या बाहेरून कापला. वर काहीही लावलं नाही. शेजारचे म्हणाले, गेरू तरी फासा. नाही फासला. आज त्या कापाभोवती बांगडीसारखी नव्या सालीची कड आली आहे, सगळीकडून सारखी. जुन्या, सपाट कापाची कड मात्र वरखाली तुटलेलीच आहे, आणि तिथली पोकळी आता माझ्यानंतरही राहील.

नैसर्गिक शेती करणारे जपानी शेतकरी मासानोबू फुकुओका यांचं 'एका काडातून क्रांती' देताना तुम्ही बजावलंत, संत्र्यांच्या बागेची गोष्ट आधी वाचा. बरं झालं. त्यांचं "काहीही न करणं" एवढंच ऐकलं असतं तर मी परसातल्या लिंबाच्या झाडाकडे पाठच फिरवली असती. त्यांनी स्वतः वडिलांच्या छाटलेल्या झाडांची छाटणी एकदम बंद केली, फांद्या एकमेकींत गुंतल्या, कीड पडली आणि झाडं मेली. मोकळं सोडणं वेगळं आणि वाऱ्यावर सोडणं वेगळं, हे त्यांनी आपली चूक सांगून लिहिलंय. असं कबूल करणारे लेखक थोडेच.

श्री. अ. दाभोळकरांचं 'विपुलाच सृष्टी' मात्र अजून माझ्याकडेच आहे, क्षमस्व. गणिताचा माणूस, पानावर पडणाऱ्या उन्हाचासुद्धा हिशेब मांडतो. ते वाचल्यापासून आमच्याकडे पाला जाळणं बंद आहे. आंब्याची पानं लवकर कुजत नाहीत, म्हणून ती चुरून, शेण कालवून थरावर थर रचतो. आईला आधी ते उकिरडा वाटायचं. आता भाजीची देठं तीच नेऊन टाकते.

पुस्तक शनिवारी आणून देतो. 112 व्या पानावर शेणाचा अंगठा उमटलाय, दंड काय होईल तो घ्या.

आपला,
आंबावाला (तुमच्या वहीत हेच नाव आहे, मी पाहिलंय)