विषय: मागे घेतलेली बोली, फुगलेली किंमत आणि टपाल तिकिटाची न दाखवलेली मागची बाजू

व्यवस्थापक, तक्रार निवारण विभाग,

आज सकाळी तुमच्या प्रतिनिधीशी चौथ्यांदा बोलले. यापुढे फोन नाही, लेखीच.

तुमच्या ऑनलाइन लिलावात कमाल बोली कशी चालते हे तुम्हाला सांगायला नको. मी माझा वरचा आकडा गुप्तपणे देते आणि किंमत दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीपेक्षा एकच पायरी वर लागते. आकडा गुप्त राहील या भरवशावरच मी तो खरा लिहिते.

माझा आकडा 100 धरा. लिलाव संपायच्या आदल्या रात्री किंमत 62 वर होती. तेवढ्यात एका खात्यावरून भलतीच मोठी बोली आली, किंमत 101 झाली आणि माझं 100 उघडं पडलं. दहा मिनिटांत ‘आकडा चुकला’ म्हणून ती बोली मागे घेतली गेली, किंमत परत 62. शेवटच्या बारा सेकंदांत त्याच खात्याची बोली आली: 98. तिकीट मला 99 ला पडलं. याला तुम्ही योगायोग म्हणता?

आता आजचा फोन. मी हे सगळं सांगितलं. प्रतिनिधी म्हणाले, “मॅडम, तुम्ही 100 द्यायला तयार होतात ना? मग उलट एक वाचलाच की तुमचा.” मी म्हटलं, माझा आकडा फोडला गेलाय. त्यांनी मला सहा मिनिटं होल्डवर ठेवलं आणि परत येऊन म्हणाले, “सिस्टीमला सगळं नियमात दिसतंय. एवढा आकडा टाकायलाच नको होता तुम्ही.” म्हणजे तुमच्या पद्धतीवर विश्वास ठेवला ही माझी चूक. त्या वाक्याचा संताप अजून उतरलेला नाही.

आणि तिकीट? 1840 चं पेनी ब्लॅक, जगातलं पहिलं चिकटवायचं टपाल तिकीट. ही तिकिटं सुमारे 6.8 कोटी छापली गेली, त्यामुळे ती दुर्मीळ नाहीत. किंमत असते ती अवस्थेला. त्याला दाते नव्हते, कात्रीने कापायचे, म्हणून चारही कडा शाबूत असल्या तर मोल. कडा आहेत, लाल माल्टीज क्रॉसचा शिक्काही सुंदर आहे. पण मागे वरच्या कोपऱ्यात कागद खरवडून पातळ झालाय, उजेडात धरताच दिसतो. मागच्या बाजूचा फोटो मी दोनदा मागितला होता. उत्तर आलं नाही, वर्णनात मात्र ‘निर्दोष’. तरीही परत घेणार नाही, कारण ‘जुनी वस्तू, जशी आहे तशी’! निर्दोष लिहिल्यावर ‘जशी आहे तशी’ कसं चालेल?

त्या खात्याचा आणि विक्रेत्याचा संबंध तपासा. बोलींची वेळेसह पूर्ण नोंद द्या. तिकीट परत घ्या, पैसे पूर्ण द्या. आणि शेवटच्या दिवशी बोली मागे घेणं बंद करा. निदान ज्याचा आकडा उघडा पडला त्याला तो बदलू द्या. शेवटच्या मिनिटात बोली आली की वेळ आपोआप वाढवणारे लिलाव आहेतच, तुम्हाला काय अडचण आहे?

नऊ वर्षं तुमच्याकडून घेतेय. नवख्या संग्राहकांना मीच तुमचं नाव सुचवायचे, याचं आता वाईट वाटतं. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही तर कार्डाच्या बँकेकडे व्यवहारावर हरकत घेईन आणि ग्राहक न्यायालयात जाईन. स्क्रीनशॉट जोडलेत, 101 चासुद्धा.

एक ग्राहक