घटीचा हिशेब शिकवणाऱ्या काकाजींना

आदरणीय काकाजी आणि काकू,

साष्टांग नमस्कार.

नागपुरातल्या घरगुती भांड्यांवरच्या माझ्या पुस्तकाची शेवटची प्रुफं मागच्या आठवड्यात प्रकाशकाकडे गेली. आभाराच्या पानावर विद्यापीठ, ग्रंथालयं, मार्गदर्शक, परीक्षक आणि घरचे इतके दाटीवाटीने बसले की तुमच्या वाट्याला ‘इतवारीतील एक भांड्यांचे व्यापारी’ एवढीच जागा उरली. नाव टाकू का म्हणून फोन केला, तर तुम्ही म्हणालात, “नावगिव काही टाकू नोको बेटा. उद्या जीएसटीवाला पुस्तक घेऊन दुकानात येईन.” म्हणून नाव नाही. पण तुमचं देणं त्या ओळीत मावत नाही, आणि प्रकाशन समारंभाला बोलावलं तरी तुम्ही गल्ला सोडून यायचे नाही, हेही मला ठाऊक आहे. तेव्हा हे पत्र, सगळ्यांसमोर. नातवाकडून वाचून घ्या.

जे तुम्हाला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. मी इतिहास शिकवते. माझं संशोधन घरातल्या वस्तूंवर आहे. वस्तू कोणी घेतली, कोणाला दिली, कोणी घासली, कधी विकली, यावरून माणसं कशी जगत होती ते शोधायचं. नागपुरात एम.ए. करताना आमचा इतिहास सगळा कागदावरचा. १८५३ साली तिसरे रघूजी वारले आणि पुढच्या वर्षी भोसल्यांचं राज्य खालसा झालं, १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला, १९२० चं काँग्रेस अधिवेशन, १९२३ चा झेंडा सत्याग्रह. हे सगळं शिकायलाच हवं, मी आजही मन लावून शिकवते. पण त्याच काळात नागपूरच्या महाल किंवा पाचपावली या वस्त्यांतल्या चुलीपुढे काय बदलत होतं, ते त्यात कुठेच नव्हतं. पीएच.डी.साठी ‘नागपुरातील घरगुती पितळी भांडी’ असा विषय घेऊन समितीपुढे गेले, तेव्हा एका सदस्यांनी मला गृहविज्ञान विभागाचा रस्ता दाखवला. दुसऱ्यांनी विचारलं, “साधनं कुठली?”

पहिल्याचं सोडा. दुसरा प्रश्न रास्त होता. अजब बंगला, म्हणजे नागपूरचं वस्तुसंग्रहालय, १८६३ चा. तिथे शस्त्रं आहेत, नाणी आहेत, ताम्रपट आहेत. बालाघाटकडच्या गुंगेरियाला १८७० मध्ये गुराखी पोरांना तांब्याच्या कुऱ्हाडींचा साठा सापडला, तेही आपल्याकडच्या पुरातत्त्वातलं मोठं प्रकरण. ते तांबं जमिनीत पुरलेलं होतं म्हणून हजारो वर्षं टिकलं. माझ्या पणजीचं तांबं टिकत नाही, कारण त्याला भाव असतो. ते मोडीत जातं, वितळतं आणि दुसऱ्याच कोणाची परात होऊन परत बाजारात येतं. गॅझेटियरांमध्ये, म्हणजे सरकारी माहितीग्रंथांमध्ये, कुठे काय पिकतं, कुठे काय घडवतात याची पानंच्या पानं आहेत. पण ते भांडं कोणत्या घरात गेलं आणि तिथून केव्हा बाहेर पडलं, हे त्या पानांत कुठून असणार?

ते तुमच्या दुकानात होतं. दुकानात म्हणजे दुकानाच्या मागच्या खोलीत, ढिगात. माझी आई तुमच्याकडे मोड, म्हणजे जुनी भांडी, द्यायला यायची, एवढ्या ओळखीवर मी आले आणि म्हटलं, भट्टीला माल जाण्याआधी मला भांड्यांवरची नावं उतरवून घेऊ द्या. तुम्ही कारण विचारलं नाही. विचारलं ते एवढंच की पंख्याशिवाय बसशील का.

लोकांना वाटेल, बसू दिलं, त्यात एवढं काय. मोडीच्या धंद्यातल्याला विचारा. तांब्या-पितळेचा भाव रोज हलतो. माल थांबवणं म्हणजे पैसा अडकवणं, आणि उद्या भाव पडला तर नुकसान तुमचं. तरी माझं लिहून होईपर्यंत तुम्ही ढीग हलवू दिला नाही. ट्रकवाला दारात कुरकुरायचा आणि तुम्ही त्याला चहा पाजायचे. माझ्या संशोधनाला पुढे अनुदानही मिळालं, त्याचे कागद आहेत, शिक्के आहेत. तुमच्या अनुदानाचा कागद कुठेच नाही, म्हणून तो इथे लिहून ठेवते आहे.

वाचायला शिकवलं तेही तुम्हीच. मी नुसतीच अक्षरं उतरवत होते. छिन्नी-हातोडीने टाकलेलं नाव कसं असतं, ठिपक्याठिपक्यांचं कसं, आणि विजेच्या मशीनचं घरघरतं अक्षर केव्हापासून दिसायला लागतं, हे तुम्ही बोट ठेवून दाखवलं. शके घातलेलं भांडं कोणत्या घरचं असू शकतं आणि इसवी सन घालणारा कुठे नोकरीला असेल, याचे तुमचे अंदाज मी आधी हसण्यावारी नेले, मग वहीत लिहायला लागले. ‘शके १८५०’ दिसलं की ७८ मिळवून १९२८ करायचं, इतपत मला येत होतं. बुडाला डाग दिलेला, म्हणजे भोक सांधलेलं, पाहून हे भांडं गळल्यावरही घराने किती वर्षं सोडलं नव्हतं, ते ओळखणं मला येत नव्हतं. नाव टाकण्याचे पैसे अक्षरावर असायचे, म्हणून मजकूर कापला जायचा. मी विचारलं, कापताना आधी कोणाचं नाव जायचं? तुम्ही म्हणालात, “ज्यानं पैसे देल्ले त्याचं राह्यते.” लग्नाच्या भांड्यांवर मामाचं, काकाचं, आत्याच्या यजमानांचं नाव ठसठशीत आणि जिच्यासाठी भांडं घेतलं ती नुसती ‘चि. सौ. कां.’, हे त्यानंतर मला जागोजाग दिसायला लागलं. एक अख्खं प्रकरण त्यावर आहे.

‘एम्प्रेस मिल, रिंग खाते, यांजकडून’ असं टाकलेला गंज, म्हणजे ते मोठं पातेलं, आठवतो? तो तुम्ही ढिगातून स्वतः काढून माझ्यापुढे ठेवला होता. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं त्याच दिवशी, म्हणून नाव एम्प्रेस. सूत कातायच्या रिंग स्पिंडल भारतात आधी वापरून पाहिल्या त्याही इथेच. गिरणीच्या इतिहासात हे सगळं सापडतं. पण गंजावर आहेर देणारा मामा नाही, गाव नाही, जात नाही, खातं आहे. आठ तास शेजारी उभं राहून सूत काढणारी माणसं लग्नघरी सोयऱ्यांच्या रांगेत येऊन बसली, हे मला कोणत्याही अहवालाने सांगितलं नव्हतं. गिरणी २००२ मध्ये बंद झाली. गंज तुम्ही भट्टीला जाऊ दिला नाही, माझ्या विभागाला दिला, आणि पावती मागितली नाही.

तसंच पंचांच्या भांड्यांचं. समाजाच्या लग्नकार्याला लागणारे मोठे गंज, कोपर, पराती, त्यावर ‘समस्त पंच’ आणि मोहल्ल्याचं नाव. मंगल कार्यालयं वाढली, केटररवाले आले आणि ही भांडी एकेक करून तुमच्याकडे उतरली. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरच्या काही भांड्यांवर आहेराच्या मजकुराआधी ‘जय भीम’ येतं. दीक्षाभूमीवर त्या दिवशी जे घडलं ते जगाला माहीत आहे. ते पुढच्या लग्नसराईत गडव्यावर, म्हणजे पाण्याच्या तांब्यावर, कसं उमटलं, हे पाहायला तुमच्याच दुकानात यावं लागलं.

आता घट, म्हणजे वजनातली तूट. हे मुख्य आहे, म्हणून जरा सावकाश लिहिते.

काही जुन्या भांड्यांच्या बुडाला वजन टाकलेलं असायचं, शेर आणि छटाकांत. दशमान वजनं १९५८ पासून यायला लागली, त्याआधीचं हे. एकदा तुम्ही तसा एक गुंड, म्हणजे पाणी भरायचं भांडं, तराजूत घातला. टाकलेलं वजन आणि काट्यावरचं वजन जुळेना. मला वाटलं, त्या काळच्या व्यापाऱ्यानेच मापात मारलं असेल. तुम्ही हसलात. “घट धरा लागते बेटा. पन्नास साल बाईनं राखेनं घासलं, कुठं जाईन ते पितळ? मोरीत गेलं.”

मी त्या दिवशी घरी गेले आणि माझ्या प्रबंधाचा आराखडा फाडून टाकला. इतिहासकार दामोदर कोसंबींनी हजारोंनी नाणी तोलली होती. हातोहाती फिरताना नाणं झिजतं, तेव्हा त्या झिजेवरून ते किती चाललं ते काढता येतं, हा त्यांचा विचार मी एम.ए.ला वाचला होता. पण नाणं बाजारात झिजतं. गुंड मोरीवर झिजतो, एकाच बाईच्या, फार तर सासू-सुनेच्या हाताखाली, राख आणि चिंचेने, रोज दोन वेळा. बायकांच्या ज्या कामाची नोंद जनगणनेत नाही, पगारपत्रकात नाही, ते काम तुम्ही तोळ्यांत मोजून दाखवत होता. आणि व्यापारी म्हणून त्याचे पैसेही कापत होता! हे मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, “मंग काय करू? भट्टीवाला मले देते का?”

मला अजूनही वाटतं, तुम्ही बाकी काही शिकवलं नसतं तरी या एका वाक्यावर माझी नोकरी उभी राहिली असती. राहिलीही. एका महाविद्यालयातल्या मुलाखतीत तज्ज्ञांनी मिश्कीलपणे विचारलं, भांडी घासण्याचाही इतिहास असतो का? मी शेर-छटाकांचा हिशेब मांडला. पुढचा प्रश्न आला तो कामाच्या तासांवर, आणि तो विचारणारे हसत नव्हते.

त्या नोकरीआधीची वर्षं तुम्हाला आठवत असतील. मी तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, तासाच्या हिशेबाने शिकवत होते. त्या पगाराचं काय असतं, हे सीएचबीवर राबलेल्या कोणालाही विचारा. बिलं निघायची तेव्हा निघायची आणि उन्हाळ्यात तर काहीच नाही. एका मे महिन्यात तुम्ही म्हणालात, मुनीमजी गावाला गेले, वह्या कोणीतरी लिहायला पाहिजे. मुनीमजी मागच्या खोलीत जेवत बसलेले मला दिसत होते. मी काही बोलले नाही, वही उघडली. पैसे तर मिळालेच, पण त्या वह्यांतून मला भांड्यांचं पंचांग मिळालं. मृग लागायच्या तोंडावर, बियाण्याला पैसा लागतो तेव्हा, खेड्यांतून गुंड आणि हंडे येतात. शाळा उघडल्या की शहरातून ताटं-वाट्या. धनत्रयोदशीला लोक नवं घ्यायला येतात आणि थोडी मोड घालून वर पैसे देतात. सोयाबीनचा भाव पडला की त्या साली दिवाळीनंतरही मोड येतच राहते. हे सगळं तुम्हाला तोंडपाठ होतं.

काकू, तुमचं वेगळं लिहायला हवं. काकाजी वजन बघत, तुम्ही गल्ल्यामागून बाई बघत. भांडं काढून देणारी बाई पिशवीत परत काय ठेवते, तिकडे तुमचं लक्ष. “सासरचं आंधी येते, माहेरचं मांगून,” हे तुम्ही मला पोळ्या लाटता लाटता सांगितलंत. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम १४ ने बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिची ठरवली. पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईच्या ताब्यात खरोखर असायचं काय? एक हंडा, दोन गडवे, एक परात. त्यातलं कोणतं आधी मोडायचं आणि कोणतं शेवटपर्यंत धरून ठेवायचं, एवढाच तिचा कारभार, आणि तो ती किती विचाराने करायची, ते तुमच्यामुळे कळलं. माझ्या व्याख्यानांत हा भाग आला की वर्गातल्या मुली लिहिणं थांबवून वर बघतात.

एक टोचणारी गोष्टही तुम्हीच बोलून दाखवली होती, काकाजी. मी पितळेवरून साऱ्या नागपूरचा इतिहास सांगायला निघाले होते. तुम्ही म्हणालात, “ज्याच्या घरी पितळच नोयतं, तो माह्या दुकानात कायले येईन?” मातीची गाडगी, आणि पुढे ॲल्युमिनियम. मद्रासला आल्फ्रेड चॅटर्टन या अभियंत्याने १८९८ च्या सुमारास ॲल्युमिनियमची भांडी करून पाहिली, तिथून ही स्वस्त, हलकी ‘जर्मन’ भांडी गरिबाच्या चुलीवर पोचायला बरीच वर्षं लागली. त्यांना कल्हई लागत नाही, पत्रा लवकर दबतो, मोडीत किंमत पितळेच्या मानाने फारच कमी. म्हणून ती तुमच्या ढिगात नव्हती आणि माझ्या प्रबंधातही आली नसती. पुस्तकाचं शेवटचं प्रकरण त्यांच्यावर आहे. त्यासाठी मला दुकान सोडून वस्त्यांत फिरावं लागलं, आणि तिथली दारं उघडायला तुमचा कल्हईवाला बरोबर आला. त्यालाही हे वाचून दाखवा.

मी उतरवून घेतलेल्या नावांच्या वह्या आता स्कॅन होत आहेत. मूळ वह्या विभागात राहतील. तुमच्या नातवाला बघायच्या असतील तर कधीही यावं. आल्यावर नुसतं काकाजींचा नातू म्हणून सांगावं.

आणि एक मागणं. पुढच्या महिन्यात माझी एक विद्यार्थिनी तुमच्याकडे येईल. तिचा विषय स्टील आहे. स्टीलबद्दल तुमचं मत काय आहे ते अर्ध्या इतवारीला माहीत आहे, आणि मी तिला आधीच सांगून ठेवलं आहे की पहिला अर्धा तास नुसतं ऐकून घे. त्यानंतर तिला मागच्या खोलीत बसू द्या. पंख्याशिवाय बसायची तिची तयारी आहे.

तुमची,
मोडवाली मॅडम
नागपूर