मुलांची समाजसेवा एका सकाळीपुरती नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांसाठी दहा दप्तरमुक्त दिवसांची तरतूद आहे. सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक जाणकारांच्या हाताखाली मुलांनी या दिवसांत काम शिकावे, अशी त्यामागची कल्पना आहे. पुण्यातील शाळांनी हे दिवस सहली-प्रदर्शनांत न घालवता आपल्याच परिसरातील एखाद्या प्रश्नावर मुलांकडून सलग काम करून घ्यावे, असे मला आग्रहाने सुचवायचे आहे.

शाळांना समाजसेवा नवी नाही. गांधीजयंतीची सफाई, पर्यावरणदिनाचे वृक्षारोपण, घोषणा देत निघालेली फेरी या सर्वांत मुलांचा उत्साह अगदी खरा असतो. परंतु हा रस्ता पुन्हा पुन्हा का घाण होतो आणि त्याची जबाबदारी कोणाची, हे विचारण्याची वेळ येण्यापूर्वीच छायाचित्र काढून उपक्रम आटोपलेला असतो. गांधीजींनी १९३७ मध्ये वर्ध्याच्या परिषदेत मांडलेल्या नई तालीममध्ये हातातील कामातूनच भाषा, गणित आणि विज्ञान शिकवणे अपेक्षित होते. ती जोड आपल्या उपक्रमांत क्वचितच दिसते.

पानगळीचेच उदाहरण घ्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुण्याच्या रस्त्यांवर आणि शाळांच्या आवारांत वाळलेल्या पानांचे ढीग साचतात आणि उघड्यावर कचरा जाळण्यास घनकचरा नियमांनी मनाई केलेली असूनही ते अनेक ठिकाणी पेटवले जातात. सातवीच्या वर्गाने आपल्या आवारातील पाने पोत्यांनी मोजावीत, जाळीचा कप्पा करून त्यात ती भरावीत, शेणकाल्याचे पाणी शिंपडून ढिगाचे तापमान आणि उंची दर आठवड्याला वहीत नोंदवावी. सूक्ष्मजीव, आकारमान आणि आलेख हे सारे तेथेच शिकवता येते, आणि शेजारच्या सोसायटीला पाने न जाळण्याची विनंती करणारे पत्र हा मराठीच्या तासाचा उत्तम स्वाध्याय ठरतो. पाने कुजायला काही महिने लागतात; मधे वार्षिक परीक्षा आणि उन्हाळ्याची सुट्टी येते, आणि खत हाती येईपर्यंत मुले आठवीत गेलेली असतात. म्हणूनच असा प्रकल्प एखाद्या उत्साही बाईंवर न सोपवता शाळेने स्वतःचा मानला पाहिजे.

ओला-सुका कचरा शिकवायला तर पुण्याइतके जाणकार क्वचितच कोठे मिळतील. येथे १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे त्यांचीच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था झाली. या कष्टकरी महिलांना शाळांनी रीतसर मानधन देऊन वर्गात शिकवायला बोलवावे. मात्र सेवेच्या नावाखाली अकरा-बारा वर्षांच्या मुलांना मिश्र कचऱ्यात हात घालायला लावणे किंवा नदीपात्रात उतरवणे मला मुळीच मान्य नाही.

माझी मुख्य विनंती महापालिकेला आहे. नागरिकांकडून प्रभागातील कामे मागवून ती अंदाजपत्रकात घेण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून आहे. शाळेसमोरचा पदपथ किती ठिकाणी तुटला आहे, शाळा सुटताना चौक ओलांडायला किती वेळ लागतो, कोणत्या कोपऱ्यावर दिवा नाही, हे मुले मोठ्यांपेक्षा नेमकेपणाने सांगू शकतात, कारण ती रोज तेथून चालत जातात. त्यांनी मोजमापांसह आणि नकाशासह केलेली सूचना शाळेमार्फत स्वीकारावी आणि क्षेत्रीय कार्यालयाने ठरावीक मुदतीत तिला लेखी उत्तर द्यावे. काम मंजूर होणार नसेल, तर त्याचे कारण मुलांना समजेल अशा भाषेत कळवावे. या वर्षी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने आपल्या हद्दीतील निदान एका महापालिका शाळेपासून ही सुरुवात करावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पुणे