हाजोला गेलास की तळ्यावर थांब

प्रिय अव्या,

तू गुवाहाटीला चाललायस कळलं, आता एक काम करच. ब्रह्मपुत्रेच्या पलीकडे हाजो आहे, तिथल्या हयग्रीव माधव मंदिरात दर्शन झालं की लगेच निघू नकोस, माधव पुखुरी म्हणून तळं आहे तिथे निवांत बस. त्यात काळी, मऊ पाठीची कासवं आहेत. आययूसीएनने, म्हणजे निसर्ग संवर्धनाचं काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने, २००२ मध्ये ही जात निसर्गातून नामशेष झाली असं जाहीर केलं होतं, तेव्हा वाटायचं की फक्त बांगलादेशात, चट्टग्रामच्या बायेजीद बोस्तामी दर्ग्याच्या तळ्यातच काय ती उरलीत. मग आसामात देवळांच्या तळ्यांत सापडली, ब्रह्मपुत्रेतही सापडली. इकडे देऊळ तिकडे दर्गा, लोकांनी श्रद्धेने जपली म्हणून टिकली, मला हे फार मोठं वाटतं रे.

पण मोठी कासवं जपली म्हणजे झालं असं नाही ना. मादी पाण्यातून वर येते, मागच्या पायांनी खड्डा करते, गोल गोल अंडी घालते, माती ओढते आणि निघून जाते, परत वळून बघत पण नाही. म्हणजे पुढचं सगळं त्या मातीवर! आणि आपण काय करतो, तळं सुंदर दिसावं म्हणून चारी बाजूंनी सिमेंटचे काठ बांधतो. मग तिने खणायचं कुठे?

म्हणून हाजोत अंडी गोळा करून वेगळी उबवतात. ते काम भलतंच नाजूक असतं, कारण कासवाच्या अंड्यातला गर्भ वरच्या बाजूला कवचाला चिकटतो, मग अंडं उचलताना फिरलं की तो मरू शकतो, म्हणून वरच्या बाजूला पेन्सिलने खूण करून जसंच्या तसं ठेवायचं. अशी वाढवलेली पिल्लं जानेवारी २०१९ मध्ये पोबितोरा अभयारण्यातल्या पाण्यात सोडली. देवळातली पिल्लं परत जंगलात! वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

लोक तिथे ब्रेड-बिस्किटं टाकतात, तू टाकू नकोस प्लीज. त्यापेक्षा काठाने एक चक्कर मार, उघडी माती, वाळू कुठे कुठे शिल्लक आहे ते बघ, फोटो काढ, आणि तिथल्या माणसांना विचार यंदा किती पिल्लं बाहेर आली. आल्यावर नको, तिथूनच फोन कर.

तुझा,
नित्या